पाकिटाची मागची बाजू

शरद टिपणीस मला पहिल्यांदा दिसले ते चिप्सच्या पाकिटाशी हुज्जत घालताना. आम्ही नुकतेच हॅमिल्टनला राहायला आलो होतो. मला तिथल्या हॉस्पिटलात फार्मसिस्टची नोकरी लागली होती आणि 'ते रापा' नावाच्या उपनगरातल्या सुपरमार्केटात जाडे पोहे मिळतील अशा भाबड्या आशेने मी फडताळं पालथी घालत होते. चिप्सच्या रांगेत एक पन्नाशीचे गृहस्थ उभे होते. चष्मा कपाळावर चढवलेला, पाकीट नाकापासून वीतभर लांब, आणि ओठ स्तोत्र म्हटल्यासारखे हलताहेत. दुकानातल्या बाईने जाता जाता विचारलं, "यू ऑल राइट देअर?" त्यावर ते शांतपणे म्हणाले, "आय ॲम ऑल राइट. द पॅकेट इज नॉट." हे इंग्रजी ठाण्याचं आहे हे मी लगेच ओळखलं.

मी हसले असणार, कारण ते वळले आणि ओळखपाळख नसताना पाकीट माझ्या हातात देत म्हणाले, "मराठी ना? मग एवढं वाचा. माझा चष्मा हरला." मी वाचलं. बटाटे, तेल, मीठ, साखर, मिल्क पावडर. मिल्क पावडर म्हटल्यावर त्यांनी डोळे मिटले. "म्हणजे आमचीच," ते म्हणाले आणि पाकीट जागेवर ठेवलं, तेही दर्शनी बाजू नीट पुढे करून.

तुम्हाला ॲलर्जी आहे का, असं मी धंद्याच्या सवयीने विचारलं. त्यांना काहीच वर्ज्य नव्हतं, ते सीकेपी होते. बोंबील, सुरमई, कोलंबी यांची नावं ते नातेवाइकांची घ्यावीत तशी घेत. हा खटाटोप मुलीसाठी होता. मुलगी व्हीगन होती, म्हणजे मांसमच्छी नाहीच, पण दूध, दही, तूप, मधसुद्धा नाही. "आणि आमची म्हणजे?" मी विचारलं. तेव्हा त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि घराण्यातला एखादा आजार सांगावा अशा आवाजात सांगितलं, की ते इथल्या दूध कारखान्यात इंजिनिअर आहेत. दुधाची पावडर करणारा ड्रायर त्यांच्या ताब्यात आहे.

ते आमच्याच रस्त्यावर दोन घरं सोडून राहतात हे त्याच संध्याकाळी कळलं. त्यांची बायको नीला मला वाटीभर जाडे पोहे घेऊन भेटायला आली.

टिपणीसांचा आठवडा असा असे. सोमवार ते शुक्रवार आमच्या वायकाटो प्रांतभरच्या गायींचं दूध वाळवून त्याची पावडर करायची आणि शनिवारी ती पावडर कुठे कुठे जाऊन लपली आहे ते शोधत दुकानं हिंडायची. ती कशात नव्हती? बिस्किटांत असणारच, पण मसाल्याच्या शेंगदाण्यांत होती, टोमॅटोच्या चवीच्या कुरकुरीत नळ्यांत होती, व्हिनेगरच्या चिप्समध्ये होती. व्हिनेगरचा आणि दुधाचा काय संबंध, असं मी एकदा म्हटलं. त्यांनी मला समजावलं की पावडर लावली म्हणजे आंबटपणाची धार बोथट होते आणि चव जिभेवर रेंगाळते. हे सांगताना त्यांच्या डोळ्यांत अभिमान होता, आणि पुढच्याच क्षणी तो अभिमान कुठे ठेवावा हे त्यांना कळेना.

वाचण्याची त्यांची पद्धत होती. ते पाकीट कधी पुढून बघत नसत. पुढची बाजू म्हणजे स्थळ बघायला आलेली मंडळी, मागची बाजू म्हणजे लग्नानंतरचा संसार, असं त्यांचं म्हणणं. मागची बाजूही ते खालून वर वाचत, कारण ॲलर्जीवाल्यांसाठी दुधाचा उल्लेख करण्याचा नियम तेव्हा नवा होता आणि ती ओळ तळाशी असे. तिथे दूध नसेल तर वर सरकायचं, आणि 'नैसर्गिक चव' अशी शंकास्पद जागा आली की थांबायचं. हातातल्या फोनवर सगळं जग दिसण्याचे ते दिवस नव्हते. पाकिटावर लिहिलेलं आणि त्याच्याखाली दिलेला कंपनीचा फुकटचा फोन नंबर, एवढ्यावरच धर्मनिर्णय करावा लागे.

सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये एका शनिवारी मला त्यांची गाडी दिसली. काचा चढवलेल्या आणि आत टिपणीस मान खाली घालून बसलेले. मला वाटलं माणसाला बरं वाटत नाहीसं दिसतंय, म्हणून मी काचेवर टकटक केलं. मांडीवर कागदात गुंडाळलेला तळलेला मासा होता. मुलगी व्हीगन झाल्यापासून त्यांनी घरात मासा आणला नव्हता. तिने सांगितलं नव्हतं, यांनीच ठरवलं होतं. आठवड्यातून एकदा ते असे बंद गाडीत बसून खात, खाऊन झालं की चारी दारं उघडून वास घालवत, ओल्या फडक्याने हात पुसत आणि मग आत जाऊन कुठले चिप्स दूधमुक्त आहेत ते तपासत. "कुणाला बोलू नका, वहिनी," ते म्हणाले. कुणाला म्हणजे कुणाला हे त्यांनी सांगितलं नाही, आणि एक तुकडा मला दिला.

मुलीचं नाव ईशा. चौथ्या वर्षी इथे आलेली, त्यामुळे मराठी सगळं कळणारी आणि उत्तर इंग्रजीत देणारी. सोळाव्या वर्षी ती एका मैत्रिणीच्या फार्मवर राहायला गेली होती. वसंताच्या तोंडाला गायी वितात. फार्मच्या फाटकाशी एक लाकडी कुंपण होतं आणि त्यात काही दिवसांचे गोऱ्हे उभे होते. हिने त्यांना बोटं चोखू दिली. मग ट्रक आला आणि ते गेले. घरी आल्यावर तिने बाबांना विचारलं की ते कुठे जातात.

इथे कुठल्याही शहाण्या बापाने काहीतरी गुळमुळीत सांगितलं असतं. टिपणीसांनी खरं सांगितलं. गाय व्याल्याशिवाय दूध देत नाही, गोऱ्हा दूध देत नाही, म्हणून त्याला ठेवत नाहीत. त्यांनी हे ड्रायरचं काम समजवावं तसं क्रमाने समजावलं. ईशाने ऐकून घेतलं आणि त्या रात्री दूध प्यायली नाही. "ती मला वाईट बोलली असती तर बरं झालं असतं," ते मला एकदा म्हणाले. "तिने फक्त माझा कारखान्याचा डगला खुंटीवर होता तो पाहिला." त्या डगल्याला कायम गोडसर दुधाचा वास येई.

नीलाने हे सगळं व्रत म्हणून घेतलं. तिच्या माहेरी चातुर्मासात कांदा सोडत, कुणी वर्षभर साखर सोडत, तसं पोरीने दूध सोडलंय. प्रश्न एवढाच होता की याचं उद्यापन कधी. महिना झाला, दोन झाले, पोरगी वाळली असं नीलाला वाटायला लागलं. आपल्याकडच्या आईला पोरगी वाळली असं वाटलं की ती जे करते तेच नीलाने केलं. वरणावर तूप घातलं तर दिसतं, म्हणून तिने ते वरणात घातलं. चमचाभर साजूक तूप, तेही टिपणीस कारखान्यातून आणत त्या लोण्याचं कढवलेलं. विरघळल्यावर कुणाला कळतंय? ईशा वाटी वाटी वरण मागून घेई आणि नीला मनात म्हणे, बघा, अंगाला लागतंय.

कळलं ते साध्याच कारणाने. ईशा एक दिवस लवकर घरी आली आणि आई फोडणीच्या कढल्यात तूप घालत होती. नीला म्हणाली, "अगं थोडंसं तर आहे." त्या चार शब्दांनी जे झालं ते तुपाने झालं नसतं असं मला वाटतं. ईशाने आरडाओरडा केला नाही. ती इंग्रजीत एवढंच म्हणाली, "ॲट लीस्ट द पॅकेट टेल्स मी." पाकीट निदान सांगतं तरी.

त्या दिवसापासून तिने घरात शिजलेलं खाणं बंद केलं. फळं खाई, पाव खाई, डब्यातले वाटाणे-राजमा स्वतः उघडून गरम करी, आणि बाकी सगळं सीलबंद पाकिटातलं. तिचं म्हणणं साधं होतं, पाकिटावर लिहिलेलं असतं. ज्या घरात चार-चार माणसांना आग्रह करून जेवायला वाढत, त्या घरातली एकुलती एक मुलगी ओट्याशी उभी राहून चिप्स खात असे आणि नीला तिच्याकडे पाठ करून भांडी घासत असे. मी हे पाहिलंय. पाहवत नसे.

टिपणीसांनी मध्यस्थी केली नाही. आई चुकली असं मुलीजवळ म्हटलं नाही आणि मुलगी अति करते असं आईजवळ म्हटलं नाही. त्यांनी एवढंच ठरवलं की पोरीचा विश्वास जर पाकिटावरच उरला असेल, तर पाकिटं आपण आणायची. शनिवारची पायपीट तिथून सुरू झाली.

फोनचा भाग मात्र त्यांना आवडायला लागला असावा. चहाच्या सुट्टीत ते कारखान्याच्या कँटीनमधून कंपन्यांना फोन लावत. तुमची नैसर्गिक चव कुठल्या निसर्गातून येते? ज्या यंत्रावर चीजचे चिप्स होतात त्याच यंत्रावर साधे होतात का? मधे धुता का? कशाने धुता? हा शेवटचा प्रश्न त्यांच्यातला इंजिनिअर विचारत असे, पण पलीकडचा माणूस घाबरे. एका बिस्किट कंपनीतली शेली नावाची बाई त्यांचा आवाज ओळखायला लागली होती. "हाय शराड, व्हॉट हॅव वी डन नाऊ?" असं म्हणून ती सुरुवात करी. यांना तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन कधी आहे हे माहीत होतं, तिला ईशाची परीक्षा कधी आहे हे माहीत होतं. फोन ठेवताना हे न चुकता "स्वीट ॲज" म्हणत. इथल्या लोकांचा 'झकास' अशा अर्थाचा हा शब्दप्रयोग त्यांनी आल्या आल्या उचलला होता आणि पंचवीस वर्षांच्या पोरांनाच तो शोभतो हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

गंमत अशी की हे सगळं विचारायची त्यांना गरजच नव्हती. पावडरीच्या गोण्या कुठल्या कंपनीकडे जातात हे कारखान्यात बसल्या जागी कळत होतं. मी तसं सुचवलं तेव्हा त्यांचा चेहरा उतरला. गिऱ्हाइकाचं नाव बाहेर काढायचं नाही, हा नोकरीचा नियम होता. आपल्याच पावडरीचा माग ते परक्यासारखा बाहेरून काढत होते आणि यात काही विनोदी आहे असं त्यांना वाटत नव्हतं.

त्या बिस्किट कंपनीने पुढे एकदा, बहुधा शेलीच्या सांगण्यावरून, त्यांना खोकंभर माल भेट पाठवला. जिज्ञासू ग्राहकाला सप्रेम. टिपणीसांनी एकेक पुडा उलटा करून जेवणाच्या टेबलावर मांडला. एकाही पुड्यात दूध नाही असं नव्हतं. त्यांनी सगळा माल मला आणून दिला, एक पुडा मात्र ठेवून घेतला, आणि तो त्यांनी आमच्याच ओट्यावर चहाबरोबर संपवला. बिस्किट खाताना म्हणाले, "पावडर चांगली विरघळलीय. आमचीच असेल."

हळूहळू गावातल्या मराठी मंडळींत त्यांची कीर्ती झाली. आपले लोक व्हीगन नव्हते, पण जिलेटिन, अंडं, चीजमधलं वासराच्या पोटातून काढलेलं रेनेट यांची धास्ती सगळ्यांनाच होती. पार लांबच्या अल्बनीहून, हेन्डरसनहून ओळखीपाळखीतून फोन यायचे. सोवळ्यातल्या सासूबाई मुक्कामाला आल्यात, त्यांना कुठलं बिस्किट देऊ? आणि हा बोंबील खाणारा माणूस त्यांना सोवळ्यातलं बिस्किट सांगत असे.

याच कीर्तीमुळे गणपतीचं ते प्रकरण झालं. मराठी मंडळाचा गणपती एका शाळेच्या हॉलमध्ये बसे आणि पोरांसाठी खाऊ आणायचं काम त्या वर्षी टिपणीसांकडे होतं. मोदक नीलाचेच होते, साजूक तुपातले. ईशा त्यांच्याकडे बघणारही नाही हे सगळ्यांना माहीत होतं. टिपणीसांनी खाऊच्या टेबलावर चिप्स ओतले नाहीत, पाकिटंच मांडली, कारण मुलगी पाकिटाशिवाय खात नसे. आरतीनंतर गर्दी टेबलाशी आली आणि थबकली. पाकिटांवर ठसठशीत अक्षरांत लिहिलं होतं, चिकन.

अध्यक्षीणबाईंचा चेहरा बघण्यासारखा झाला. टिपणीस पुढे झाले आणि समजावू लागले, की या चवीत कोंबडी नाही, दूध नाही, काही नाही, मीठमसाला आणि यीस्ट आहे. उलट तुम्ही मागच्या वर्षी प्रसादाशेजारी ठेवलेल्या साध्या व्हिनेगरच्या चिप्समध्ये दुधाची पावडर होती. "मग दुधाचं चालतं की देवाला," कुणीतरी म्हणालं. "देवाला चालतं, ईशाला चालत नाही," टिपणीस म्हणाले. तेवढ्यात ईशा पुढे आली, एक पाकीट उलटं केलं, तळापासून वर वाचलं, फोडलं आणि गणपतीसमोर उभी राहून चिकनचे चिप्स खाऊ लागली. तिच्या मागोमाग पोरांची झुंबड उडाली. पुढच्या वर्षी खाऊचं काम दुसऱ्या कुणाकडे गेलं. टिपणीसांना त्याचं काही नव्हतं. घरी जाताना मला म्हणाले की तिने आज माणसांत उभं राहून खाल्लं.

पण तिने पाकीट उलटं केलं होतं, हे मी पाहिलं होतं आणि त्यांनीही पाहिलं होतं. बाबांनी आणलेलं प्रत्येक पाकीट ती आधी उलटं करी. ते वाचून, फोन करून, खात्री करून आणत, आणि ती ते पुन्हा पहिल्यापासून वाचत असे. टिपणीस तोंडाने म्हणत की बरोबर आहे, दुहेरी तपासणी असावी, आमच्याकडेही असते. आतून त्यांना ते लागत असे. माझ्या पोरीचं दार माझ्यासाठी पाकिटाएवढंच उघडतं, असं ते एकदा बोलून गेले आणि लगेच हवापाण्याविषयी बोलायला लागले.

मग ती लाल पाकिटांची गोष्ट झाली. मक्याच्या कुरकुरीत चकत्यांचा एक प्रकार ईशाला फार आवडे. कितीदा तरी तपासून पास झालेला. ईशाचे परीक्षेचे दिवस होते, म्हणून टिपणीसांनी त्याचं मोठं खोकंच आणून ठेवलं. ती रात्री जागून अभ्यास करी आणि हे खाई. इतक्या वेळा वाचलेलं पाकीट, यावेळी दोघांनीही उलटं केलं नाही. चार दिवसांनी रिकामं पाकीट कचऱ्यात टाकताना टिपणीसांची नजर गेली. पुढे कोपऱ्यात छोटं लिहिलेलं होतं, नवी, अधिक रेंगाळणारी चव. त्यांनी पाकीट झटकन उलटं केलं, कारण अधिक रेंगाळणारी चव कशाने येते हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? मागे तळाशी ओळ होती, यात दूध आहे.

मी तेव्हा नीलाकडे बसले होते म्हणून हे मला माहीत. नीलाने पाकीट पाहिलं आणि हळूच म्हणाली, "आता नको सांगू. पोटात गेलंय ते गेलं. परीक्षा होऊ दे." ती वाईट हेतूने बोलत नव्हती. तिला आता मुलीच्या रागाची खरंच भीती वाटत होती. मलाही मनातून तेच वाटलं. फक्त नव्या पाकिटांचं खोकं दुकानात परत द्यायचं आणि गप्प बसायचं.

टिपणीसांनी पाकिटाची घडी सरळ केली. "तू वरणात घातलंस तेव्हाही पोटातच गेलं होतं," ते म्हणाले. आवाज चढवला नाही. मग ते पाकीट हातात घेऊन ईशाच्या खोलीत गेले.

दार उघडंच होतं. त्यांनी सांगितलं की मी चुकलो, यात दूध आहे, तू चार दिवस हे खाल्लंस, मी वाचलं नाही. स्वयंपाकघरात आम्ही दोघी कान देऊन होतो. ईशाने विचारलं, "व्हेन डिड यू फाइंड आउट?" ते म्हणाले, आत्ता. मगाशी कचऱ्यात टाकताना. ती "ओके" म्हणाली. थोड्या वेळाने आम्हाला तिच्या नाक ओढण्याचा आवाज आला. टिपणीस बाहेर आले, खोकं उचललं आणि गाडीत नेऊन ठेवलं.

त्यानंतरची गोष्ट नीलाच्या आधी माझ्या लक्षात आली, कारण नीला त्या वेळी पाठ करून उभी असे. बाबांनी पाकीट पुढे केलं की ईशा ते सरळ फोडायला लागली. उलटं करेना. मी हे टिपणीसांना सांगितलं. त्यांना ते पहिल्याच दिवशी दिसलं होतं. "बोलू नका वहिनी," ते म्हणाले, "दृष्ट लागेल." माशाच्या वेळी म्हणाले होते तसंच, पण या वेळी कुणाला म्हणजे नीलाला, हे मला बरोबर कळलं. आणि मग ते पूर्वीपेक्षा दुप्पट वाचायला लागले.

नीलाच्या हातचं मात्र अजून बंदच होतं. वर्ष संपत आलं. ईशाला डनेडिनच्या विद्यापीठात प्रवेश मिळाला, म्हणजे देशाचं दुसरं टोक. नीलाने बॅगा भरल्या, पांघरुणं घेतली, पण एका गोष्टीपाशी तिचा हात अडत होता. घरातून कुणी लांब किंवा परीक्षेला निघालं की हातावर दही द्यायचं, ही तिची न मोडणारी रीत. गेल्या दोन वर्षांत तिने ही रीत कशी चालवली होती ते सांगते. परीक्षा ईशाची असे आणि दही टिपणीसांच्या हातावर पडे. ते मुकाट्याने चाटत आणि पास ईशा होई. पण घर सोडून निघालेल्या पोरीचं दही दुसऱ्याच्या हातावर कसं द्यायचं? नीला मला म्हणाली, "तिला रिकाम्या हाताने पाठवायची माझी छाती होत नाही. आणि दही पुढे करायचीही होत नाही." बोलता बोलता रडायला लागली.

टिपणीसांनी हे ऐकलं होतं की नाही, मला माहीत नाही. पण जानेवारीत ते एका संध्याकाळी माझ्याकडे आले आणि विचारू लागले, की दह्यातला जिवाणू हा प्राणी आहे का. मी म्हटलं, नाही. मग त्यांनी सोया दुधाच्या खोक्यावरचं ड जीवनसत्त्व दाखवलं आणि हे कशापासून करतात ते विचारलं. मी म्हटलं, पुष्कळदा मेंढीच्या लोकरीतल्या मेणापासून. ते खुर्चीत मागे टेकले. म्हणाले, या देशात माणूस गायीपासून सुटला तर मेंढी धरते. ते सोया दूध बाद झालं. दुसरं शोधलं.

आता विरजणाचा प्रश्न. दह्याचं विरजण लावावं तर ते गायीचं. टिपणीसांना त्यांच्या आईची युक्ती आठवली. घरात विरजण नसलं की ती कोमट दुधात हिरव्या मिरच्यांची देठं टाकून ठेवी आणि दही लागे. त्यांनी सोया दुधात देठं टाकली आणि पातेली गरम पाण्याच्या टाकीच्या कपाटात टॉवेलांमागे ठेवली. इथल्या प्रत्येक घरात ते उबदार कपाट असतं आणि आमची सगळ्यांची दही नि इडलीची पिठं तिथेच आंबतात. पहिलं दही लागलंच नाही. दुसऱ्याला वास आला. तिसरं इतकं तिखट झालं की चाखल्यावर मला उचकी लागली. टनावारी दूध हाताळणारा माणूस वाटीभर दह्यापुढे घामाघूम झाला होता, आणि हे सगळं नीलापासून लपवून चाललं होतं. त्या घरात तूप लपवलं गेलं होतं, आता दूध नसलेलं दही लपवलं जात होतं.

फेब्रुवारीतली सकाळ होती. विमानतळावर मी न्यायचं ठरलं होतं. त्या दिवशी टिपणीसांची ड्रायरवर पाळी होती. बदली मिळत होती, त्यांनी घेतली नाही. विमानतळावर रडणारा इंजिनिअर बरा दिसत नाही, असं कारण सांगितलं. ते कारखान्याचे पांढरे कपडे घालून तयार होते. बॅगा गाडीत गेल्या. ईशा दारात उभी होती आणि नीला तिच्या मागे दोन्ही हात पदराला पुसत होती, हातांना काही लागलेलं नसताना.

टिपणीस आतून आले. एका हातात स्टीलची वाटी आणि चमचा, दुसऱ्या हातात सोया दुधाचं रिकामं खोकं. त्यांनी वाटी नीलाच्या हातात दिली.

"दे तिला," ते म्हणाले.

नीला वाटीकडे बघत राहिली. पांढरं, जरासं पिवळट, पाणी सुटलेलं काहीतरी होतं. ईशाचं लक्ष वाटीकडे गेलं आणि मग आईकडे. टिपणीसांना ती नजर कळली. त्यांनी घाईने खोकं वर धरलं, मागची बाजू तिच्याकडे केली आणि चष्मा कपाळावर चढवून मोठ्याने वाचायला लागले, "हे बघ, पाणी, सोयाबीन..."

यादी सोयाबीनपर्यंतच आली. ईशाने आईपुढे हात पसरला होता. नीलाने चमचा कलता केला, थोडं दही पायरीवर सांडलं, उरलेलं तळव्यावर पडलं. ईशाने ते चाटलं. तोंड वाकडं झालं, तिने गिळलं आणि तळवा पुन्हा चाटला.

"आंबट आहे," ती म्हणाली. मराठीत.

"आंबटच असतं गं," नीला म्हणाली, आणि तिने मुलीचा दह्याचा हात पदराने पुसायच्या ऐवजी स्वतःच्या तोंडावर धरला. मी गाडीच्या किल्ल्या शोधायला लागले. त्या माझ्या हातातच होत्या.

नीला मागच्या सीटवर ईशाला चिकटून बसली. निघताना "येते म्हण" असं तिने सांगितलं आणि ईशाने काच खाली करून बाबांना "येते" म्हटलं. गाडी रस्त्याला लावताना मला टिपणीस आरशात दिसले. अंगावर दुधाच्या कारखान्याचे पांढरे कपडे, चष्मा कपाळावर, आणि हातात सोया दुधाचं ते खोकं, मागची बाजू आमच्याकडे करून अजून तसंच वर धरलेलं. ते वाचायला कुणी मागितलं नव्हतं. वळण येईपर्यंत त्यांनी ते खाली घेतलं नाही.